हद्दवाढ झाली म्हणजे विषय संपत नाही

मा. संपादक,

हुडकेश्वर-नरसाळा महापालिकेत आले, आता पुढची गावे कोणती, अशी चर्चा नागपुरात अधूनमधून होते. या निमित्ताने नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हाराम पाहावे. 2020 मध्ये हाराम, सांदोय, शोद्ये आणि अर्स्कोग या चार पालिका ओलेसुंड शहरात विलीन झाल्या. हाराम म्हणजे खाडीकाठचे ब्रात्वोग आणि समोरची बेटे. 2022 पर्यंत बेटांवर जायला फेरीबोट लागे, आता समुद्राखालचे बोगदे व पूल आहेत. लोकांनी विलीनीकरणाविरुद्ध नेट लावला, 2022 मध्ये संसदेने विभाजन मंजूर केले आणि 1 जानेवारी 2024 रोजी हाराम पुन्हा स्वतंत्र झाले. सांदोय मात्र ओलेसुंडमध्येच राहिले.

नॉर्वेतल्या पालिका कारभाराचा पाया 1837 च्या कायद्याचा. दर चार वर्षांनी निवडणूक, आणि पक्षांच्या बळाच्या प्रमाणात कार्यकारी समिती. त्यामुळे विरोधकही अंदाजपत्रकाच्या टेबलावर बसतात. वेगळे होताना खरी कटकट असते ती मालमत्ता, कर्जे आणि कर्मचारी वाटून घेण्याची.

नागपूर महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. गावे जोडण्याआधी त्यांच्या ग्रामसभेचा ठराव घ्या आणि पाणी व मलवाहिनीचा खर्च कोण करणार, हे आधी कागदावर आणा.

— एक वाचक, नागपूर