कंपवाताचं मॉडेल करायला घेतलंस, त्याबद्दल

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

प्रकल्पाला कंपवाताचं (पार्किन्सनचं) संगणकावरचं मॉडेल घेतलंस, चांगलं झालं. पण सगळा बेसल गँग्लिया, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणारे मेंदूच्या आतले पेशीसमूह, एकदम उभा करायचा तुझा बेत आहे, तो तूर्त बाजूला ठेव. त्यात डझनावारी जोडण्या, आणि बहुतेकींचे आकडे अंदाजाचे. असं मॉडेल आकडे हलवत राहिलं की हवं ते करून दाखवतं. कशामुळे केलं, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही.

त्यातले पेशींचे दोनच गट घे: सबथॅलॅमिक न्यूक्लियस आणि ग्लोबस पॅलिडसचा बाहेरचा भाग. पहिला दुसऱ्याला चेतवतो, दुसरा पहिल्याला दाबतो. कंपवाताच्या रुग्णांच्या सबथॅलॅमिक न्यूक्लियसमधल्या इलेक्ट्रोडवर 13 ते 30 हर्ट्झची बीटा लय ठळक दिसते आणि लेव्होडोपा हे औषध दिल्यावर ओसरते. ती या जोडीतच उपजते की कॉर्टेक्सकडून, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराकडून येते, हा वाद मिटलेला नाही. म्हणूनच आधी एवढंच तपासायचं, की ही जोडी एकटी ती लय काढू शकते का.

नेवाडो होल्गाडो, टेरी आणि बोगाच यांनी 2010 मध्ये नेमकं हेच केलं. त्यांचे आकडे घे: संदेश जायला 6 मिलिसेकंद, परत यायला 6, टाइम कॉन्स्टंट (गट बदलाला किती सावकाश प्रतिसाद देतो, त्याचं माप) सबथॅलॅमिकचा 6, पॅलिडसचा 14. कोड उघडण्याआधी कागदावर बेरीज कर. अशा फेऱ्यात लय टिकायची तर संदेश 180 अंश मागे पडावा लागतो. उरलेले 180 दाबण्याच्या उलट चिन्हातून मिळतात. 20 हर्ट्झला एक आवर्तन 50 मिलिसेकंदांचं, म्हणून 12 मिलिसेकंदांच्या उशिराचे 86 अंश. 6 चा टाइम कॉन्स्टंट 37 अंश मागे ओढतो, 14 चा 60. बेरीज 183 च्या थोडी वर, म्हणजे लय साडेएकोणीस हर्ट्झच्या आसपास बसणार. फेऱ्याचा एकूण गेन (दोन्ही जोडण्यांच्या जोराचा गुणाकार) अडीचच्या वर गेला तरच ती टिकेल, नाहीतर विझून जाईल. पॅलिडसच्या पेशी एकमेकींनाही दाबतात, ते यात धरलेलं नाही. ते घातलंस की आकडे सरकतील.

आता उशीर दुप्पट कर: लय 12 हर्ट्झच्या जवळ, बीटाच्या बाहेर. उशीर शून्य कर: गेन कितीही वाढव, लय निघता कामा नये, कारण दोन टाइम कॉन्स्टंट मिळून 180 अंशांना कधीच पोचत नाहीत. शून्य उशिराला तुझ्या कोडमधून लय निघाली, तर ती मेंदूची नाही, तुझ्या टाइम स्टेपची, म्हणजे सिम्युलेशन वेळेच्या ज्या तुकड्यांनी पुढे सरकतं त्यांची आहे. ही चाचणी सगळ्यात आधी लाव. निम्मे घोटाळे इथेच पकडले जातात.

टाइम स्टेप 0.1 मिलिसेकंद पुरे. 6 मिलिसेकंदांच्या उशिराला मागचे आकडे साठवायला 60 जागांचा बफर लागेल. तिथे एक जागा इकडची तिकडे होणं ही नेहमीची चूक. पहिला अर्धा सेकंद टाकून दे, तो सुरुवातीच्या आकड्यांचा धक्का असतो. स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती जोर, ते) निदान 5 सेकंदांवर काढ. एका सेकंदावर काढलास तर 1 हर्ट्झपेक्षा बारीक दिसणारच नाही. नॉइज, म्हणजे यादृच्छिक चढउतार, घालताना त्याला टाइम स्टेपच्या वर्गमुळाने गुणायचं, टाइम स्टेपने नव्हे. नाहीतर स्टेप निम्मी केली की नॉइजचा जोरच बदलतो, आणि तू कारण भलतीकडेच शोधत बसतेस.

उपचार म्हणून इलेक्ट्रोडने मेंदूला विजेचं उत्तेजन देतात, तो भाग नंतर कर, आणि त्याला खऱ्या स्पाइक (पेशीचे विजेचे ठोके) काढणाऱ्या पेशी घे. रुबिन आणि टर्मन यांचं 2004 चं मॉडेल बघ: त्यांनी थॅलॅमसला, म्हणजे मेंदूतल्या संदेश पुढे देणाऱ्या भागाला विचारलं, कॉर्टेक्सकडून येणारा संदेश तू नीट पुढे देतोस का? प्रत्येक संदेशाला एक स्पाइक, तर बरोबर. शून्य किंवा दोन, तर चूक. आजारी अवस्थेत चुका वाढतात, जलद उत्तेजनाने कमी होतात. नुसती बीटाची उंची मोजण्यापेक्षा हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. नेहमीचं उत्तेजन 130 हर्ट्झचं, पल्स 60 मायक्रोसेकंदांची. इथे 0.1 मिलिसेकंदाची स्टेप चालणार नाही, पल्स दोन स्टेपच्या मधेच हरवेल. 0.01 घे, म्हणजे पल्सला सहा स्टेप मिळतील.

लय आली म्हणजे आजार कळला, असं मात्र लिहू नकोस. तीच लय कॉर्टेक्सच्या फेऱ्यातून किंवा बेसल गँग्लियातल्याच स्ट्रायटममधूनही काढता येते. जे आकडे बसवायला वापरले नाहीत, त्यांच्यावर मॉडेल तपास. रुग्णांत बीटा सलग नसते, तुकड्यातुकड्याने येते, आणि लांबलेले तुकडे जास्त त्रासाशी जोडलेले दिसतात. तुझा आलेख एकसंध गुळगुळीत असेल तर गेन वाजवीपेक्षा जास्त आहे. उंबरठ्याच्या जरा खाली आण आणि नॉइज घाल.

1989-90 च्या सुमाराचं बेसल गँग्लियाचं जुनं मॉडेल असंच तपासताना अडलं. त्याच्या हिशेबाने पॅलिडसचा आतला भाग निकामी केला की अनावर हालचाली वाढायला हव्यात. प्रत्यक्षात त्या शस्त्रक्रियेने कमी होतात. फक्त स्पाइकचा वेग मोजणं पुरत नाही, हे तिथून पटलं.

स्थिर असतानाचा 4 ते 6 हर्ट्झचा कंप या जोडीतून निघाला नाही तर आकडे ओढून ताणून काढू नकोस. त्यात थॅलॅमस आणि लहान मेंदू गुंतलेले आहेत. डिस्टोनियालाही (स्नायू आपोआप पिळवटण्याचा आजार) हात लावू नकोस. तिथे उत्तेजनाचा पूर्ण गुण यायला आठवडे, कधी महिने लागतात, म्हणजे जोडण्याच बदलत असणार. पाच सेकंदांच्या सिम्युलेशनमध्ये ते मावत नाही.

शून्य उशिराचा आणि टाइम स्टेप निम्मी केल्यावरचा, असे दोन आलेख आधी पाठव. बाकीचं त्यानंतर बोलू.

तुझी,
आई