आई-बाबांना पत्र : मसाई मारा नको, उत्तरेकडे जाऊ

नैरोबी

ती. आई आणि ती. बाबा यांना सादर नमस्कार.

तुम्ही इकडे येण्याचे मनावर घेतल्यापासून मी जंगलाच्या बेताची जुळवाजुळव करते आहे. केनियाला येऊन मसाई मारा पाहायचे नाही हे कसे, असे बाबांनी फोनवर विचारले होते. माराच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण जुलै ते ऑक्टोबर या काळात विल्डेबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप नदी ओलांडतात, तेव्हा एकेका उतारापाशी होणारी गाड्यांची दाटी पाहिली की ताडोब्यात वाघाची खबर लागताच धावत सुटणाऱ्या जिप्सी आठवतात, आणि त्या धुळीत बाबा किती वैतागले होते तेही आठवते. तुम्ही जानेवारीत येणार म्हणजे तो सोहळा तसाही हुकणार. म्हणून मी उत्तरेकडची ओल पेजेटा आणि सांबुरू ही वन्यप्राण्यांची दोनच ठिकाणे निवडली आहेत आणि गाडी फक्त आपल्या तिघांसाठी, चालक-वाटाड्यासह ठरवते आहे.

खर्च वाढतो, हे मान्य. परंतु परक्यांबरोबरच्या गाडीत कोणाला सिंहच हवा असतो, तर कोणाला न्याहारीसाठी परतायचे असते. आपल्या गाडीत आईला एखाद्या पक्ष्यापाशी अर्धा तास थांबावेसे वाटले तर थांबता येईल आणि बाबांचा गुडघा आखडला तर कोणाची परवानगी न मागता मुक्कामी परतता येईल. ठिकाणे कमी केल्यामुळे एकूण हिशेब आवाक्यात राहतो.

नैरोबीपासून नान्युकी सुमारे २०० किलोमीटर आहे आणि रस्ता डांबरी आहे. माउंट केनियाच्या पायथ्याचे हे गाव विषुववृत्तावर असले, तरी सुमारे १,९०० मीटर उंचीमुळे रात्री स्वेटर लागतोच. त्याच्या शेजारी ओल पेजेटाचे सुमारे ३६० चौरस किलोमीटरचे खासगी संवर्धन क्षेत्र आहे. हे मुळात गुरांचे रान. आजही तिथे गुरे आणि वन्यप्राणी एकाच गवतावर चरतात. नाजिन आणि फातू या मायलेकी, म्हणजे जगात उरलेल्या शेवटच्या दोन उत्तरी पांढऱ्या गेंड्यांच्या माद्या, तिथेच सशस्त्र पहाऱ्यात राहतात. २००९ मध्ये त्यांना चेक प्रजासत्ताकातील प्राणिसंग्रहालयातून आणले. त्यांच्याबरोबर आलेला सुदान हा नर मार्च २०१८ मध्ये वारला. दोघींनाही गर्भ वाढवता येत नाही, त्यामुळे फातूची बीजांडे काढून, जपून ठेवलेल्या गोठवलेल्या शुक्राणूंनी ती फलित करायची आणि तो भ्रूण दक्षिणी पांढऱ्या गेंड्याच्या मादीत रुजवायचा, असा शास्त्रज्ञांचा प्रयत्न चालू आहे. बाबा, तुम्ही आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेत; हे तुम्हाला पुस्तकाबाहेर पाहावेसे वाटेल. मला स्वतःला तिथे थोडे अवघडल्यासारखेच होते.

माझा खरा ओढा मात्र सांबुरूकडे आहे. वाटेतल्या इसिओलो गावाकडे जाताना जमीन झपाट्याने खाली उतरते, हवा तापते आणि हिरवळ संपते. या कोरड्या मुलुखातून एवासो न्यिरो नदी वाहते आणि तिच्या काठाने, आपल्या ताडाला कधी फुटत नाहीत तशा फांद्या फुटलेले डूम ताड उभे आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत आजूबाजूचे पाणी आटते, त्यामुळे हत्तींची कुटुंबे दुपारच्या सुमारास नदीवर येतात. पात्र फारच आटले तर सोंडेने आणि पायाने वाळू उकरून पाणी काढतात. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘सेव्ह द एलिफंट्स’ या संस्थेचे संशोधन केंद्र इथेच आहे आणि तिथले अभ्यासक कानांच्या कातरलेल्या कडांवरून एकेक हत्ती ओळखतात. नदीकाठी गाडीचे इंजिन बंद करून बसलो की कळपाची म्होरकी कोण, तिच्यामागून कोण निघते आणि पिल्लाला मधे कोण घेते, हे हळूहळू आपल्यालाही कळू लागते. मला तुम्हाला दाखवायचे आहे ते हेच, आणि त्याला घाई चालत नाही.

मारात न दिसणारे प्राणीही इथे आहेत. ग्रेव्हीचा झेब्रा नेहमीच्या झेब्र्यापेक्षा मोठा, बारीक पट्ट्यांचा, पांढऱ्या पोटाचा आणि गोल कानांचा असतो; आज तो जवळजवळ सगळा उत्तर केनियातच उरला आहे. जाळीदार जिराफ आणि भाल्यासारख्या सरळ शिंगांचा, हरणासारखा बेइसा ओरिक्सही दिसेल. गेरेनुक हे लांब मानेचे हरिण मागच्या पायांवर उभे राहून झुडपाचा शेंडा खाते. आईला ते सगळ्यांत आवडेल, अशी माझी पैज आहे.

रेतेती येथील हत्तींच्या अनाथ पिल्लांचे, सांबुरू लोकांनी २०१६ मध्ये उभारलेले केंद्र मी मुद्दाम गाळले आहे, कारण तिकडचा कच्चा रस्ता बाबांच्या कंबरेला मानवणार नाही. परतीचा प्रवासही रस्त्याने न करता छोट्या विमानाने नैरोबीच्या विल्सन विमानतळावर करू. त्यात माणशी १५ किलोच सामान चालते आणि तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग माझ्या घरी ठेवू.

आता महत्त्वाचे. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो. मात्र साठीनंतर या लशीचे गंभीर दुष्परिणाम, क्वचित का होईना, होण्याची शक्यता वाढते, तेव्हा दोघांनीही आपल्या डॉक्टरांना सगळी औषधे दाखवून आधी त्यांचा सल्ला घ्यावा आणि मगच तिकिटे काढावीत. सांबुरूत हिवतापाचा धोका असल्यामुळे त्याच्या गोळ्यांचेही त्याच भेटीत विचारा.

आई, खाण्याची काळजी करू नकोस. चपाती इथे घरोघरी होते आणि मुक्कामी शाकाहारी जेवण आधी सांगितले की मिळते. चिवडा जरूर आण, पण डब्यात भरून आण, कारण प्लास्टिकच्या पिशव्यांवर इथे २०१७ पासून बंदी आहे.

डॉक्टर काय म्हणतात ते कळवा. त्यांचा होकार आला की मी दोन्हीकडची, पायऱ्या नसलेली, तळमजल्यावरची खोली धरून ठेवते.

तुमची लेक