शुक्रवारच्या प्रार्थनेची आठवण

सर्व सभासदांना प्रभूत सलाम. शुक्रवारी संध्याकाळी 7 वाजता जालन्यात, नेहमीच्याच घरी जमायचंय. वाचन : बायबलमधलं 1 शमुवेल, अध्याय 13.

इस्राएलाच्या शौल राजानं गिलगालात सात दिवस शमुवेल संदेष्ट्याची वाट पाहिली. समोर शत्रू पलिष्टी, इकडं माणसं पांगायला लागलेली; शेवटी उरली सहाशेच. घाबरून त्यानं शमुवेलानं करायचं होमार्पण स्वतःच उरकलं, अन् तेवढ्यात शमुवेल हजर! थोडक्यात हुकला बिचारा.

पेरणी करून आभाळाकडं डोळे लावून बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. सोयाबीन माना टाकतंय, वर कर्जाचा तगादा. अशात ‘देवाची वेळ’ म्हणणं मलाही जड जातं. म्हणूनच एकत्र बसू.

चष्मा आठवणीनं आणा. मागच्या वेळी एकच चौघांत फिरला.