चाळीस दिवसांनंतरचे पन्नास दिवस

महोदय,

ईस्टर जवळ आला की गुड फ्रायडे आणि चाळीस दिवसांचा उपवासकाळ यांविषयी पुष्कळ छापून येते. ईस्टरच्या वाट्याला मात्र बहुधा शुभेच्छाच येतात. याचा दोष वृत्तपत्रांना देता येणार नाही, कारण आम्हा ख्रिस्ती लोकांच्या आचरणातही हेच दिसते. उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे राखेच्या बुधवारपासून, आम्ही नेम धरतो, दर शुक्रवारी येशूच्या दुःखसहनाचे टप्पे आठवणारी ‘क्रुसाची वाट’ ही प्रार्थना करतो, आणि गुड फ्रायडेला आमच्या वसईतल्या चर्चमध्ये उभे राहायलाही जागा उरत नाही. पण ईस्टरची मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) आणि जेवण आटोपले की सोमवारपासून सारे पूर्ववत. वास्तविक ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत, पन्नास दिवसांचा, म्हणजे तयारीच्या काळापेक्षाही मोठा आहे.

या सणाचा गाभा मला ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्रीच्या जागरविधीत दिसतो. कित्येक शतके हा विधी शनिवारी सकाळीच उरकला जात असे. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये तो पुन्हा रात्री करण्याची मुभा दिली आणि त्यात सर्व भाविकांनी आपल्या बाप्तिस्म्याच्या वचनांचा पुनरुच्चार करावा, अशी नवी तरतूद केली. चालू वर्षाचे आकडे कोरलेल्या पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मेणबत्तीवरून पेटवलेली ज्योत हाती घेऊन, लहानपणी आईवडिलांनी आणि धर्मपालकांनी आपल्या वतीने दिलेले वचन आपण त्या रात्री स्वतःच्या तोंडाने देतो. पण नव्याने दिलेले वचन पाळायचे कधी?

योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय मी या दिवसांत पुनःपुन्हा वाचतो. महायाजकाच्या वाड्यात कोळशाच्या शेकोटीजवळ येशूचा शिष्य पेत्र याने तीनदा येशूला नाकारले होते. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी तशाच कोळशाच्या विस्तवाजवळ येशू त्याला तीनदा विचारतो, ‘माझ्यावर प्रेम करतोस का?’ त्या नकाराचा शब्दही तो काढत नाही. प्रत्येक उत्तरामागोमाग मेंढरे सांभाळण्याचे काम मात्र सोपवतो. आध्यात्मिक नवीकरण म्हणजे काय, हे मला याहून स्पष्टपणे कोठेही सापडलेले नाही. पेत्राचा पश्चात्ताप त्या रात्रीच, ढसाढसा रडण्यात, होऊन गेला होता. त्याचे आयुष्य बदलले ते नंतरच्या या भेटीने आणि या कामाने.

आद्य ख्रिस्तसभेला याची जाण होती. चौथ्या शतकात जेरुसलेमला गेलेल्या एगेरिया या यात्रेकरू स्त्रीने लिहून ठेवले आहे, की नवदीक्षितांना विधींचा अर्थ ईस्टरनंतरच्या आठवड्यात समजावून सांगितला जाई.

म्हणून आपल्या वृत्तपत्राद्वारे धर्मगुरूंना आणि धर्मग्रामांतील (एकेका चर्चच्या परिसरातील) लहान समूहांना माझी विनंती आहे, की उपवासकाळातील क्रुसाच्या वाटेप्रमाणे ईस्टरच्या काळात आठवड्यातून एक संध्याकाळ ‘प्रकाशाच्या वाटे’ची भक्ती व्हावी. रिकाम्या कबरेपासून पेंटेकॉस्टपर्यंतचे हे चौदा टप्पे आहेत आणि रोमने २००१ मध्ये काढलेल्या लोकभक्तीविषयक मार्गदर्शिकेत तिचा गौरवाने उल्लेख आहे. ही प्रार्थना चर्चमध्येच व्हावी असे नाही. वाडीतल्या क्रुसाजवळ, बोलणे तुटलेल्या शेजाऱ्यालाही बोलावून केली, तरी चालेल.

आपला,
एक वाचक, वसई