पानापानांवर पुन्हा येणारा मजकूर: मित्रास पत्र

सोलापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुमच्या चादरींच्या संकेतस्थळाचा मेनू, वरची पट्टी आणि तळपट्टी सगळ्या पानांवर सारखीच असल्यामुळे गूगल दंड करील, असे तुला कोणी तरी सांगितले आणि त्यावरून तू सगळी मांडणी मोडायला निघाला आहेस, हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मेनूला हात लावू नकोस. त्यातल्या दुव्यांवरूनच ग्राहक आणि शोधयंत्र, दोघेही एका पानावरून दुसऱ्या पानावर जातात.

ही दंडाची भीती जुनी आहे. साध्या पुनरावृत्तीला दंड नसतो, असे गूगलने २००८ सालीच जाहीरपणे लिहिले होते. पुढे २०१३ मध्ये गूगलचेच मॅट कट्स यांनी वेबवरचा सुमारे २५ ते ३० टक्के मजकूर दुबार असल्याचे सांगितले होते. एवढ्या सगळ्याला शिक्षा करायची म्हटले तर कितीतरी चांगली पाने बाद करावी लागतील. दुसऱ्यांचा मजकूर उचलून फसवणुकीसाठी पाने भरणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तिच्याशी तुझा संबंध नाही.

प्रत्यक्षात घडते ते असे. पान वाचताना मेनू, तळपट्टी असे सर्वत्र येणारे भाग शक्य तितके वगळले जातात आणि उरलेल्या मुख्य मजकुराचा आकड्यांतला ठसा काढून तो इतर पानांच्या ठशांशी ताडला जातो. २००७ साली गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीत हा ठसा ६४ बिटांचा, म्हणजे ० किंवा १ अशा ६४ अंकांचा होता आणि दोन ठशांत ३ बिटांपर्यंतच फरक आढळला, तर ती दोन पाने जवळजवळ सारखी धरली जात. पाने जुळी ठरली की त्यांतले एक प्रातिनिधिक म्हणून निवडले जाते आणि बाकीची सहसा शोधात दिसत नाहीत.

आता तुझ्या डबल बेडच्या जेकार्ड चादरीचे पान पाहा. मध्ये छायाचित्र, त्याखाली ‘उत्तम दर्जाची सोलापुरी चादर, आकर्षक रंगांत उपलब्ध’ ही एकच ओळ, आणि मग तळपट्टीत सोलापूरच्या कापड उद्योगाची माहिती, भौगोलिक मानांकनाचा उल्लेख, कारखान्याची वाटचाल आणि माल परत करण्याचे नियम असा भलामोठा मजकूर. टॉवेलच्या पानावर ‘चादर’ जाऊन ‘टॉवेल’ आला आहे, बाकी अक्षरही बदललेले नाही. तळपट्टी बाजूला काढली की त्या पानापाशी स्वतःचे म्हणून काय उरते, हा प्रश्न तू स्वतःला विचारायला हवास. माझ्या मते सगळी अडचण तिथेच आहे, आणि तळपट्टी नुसती काढून टाकल्याने ती सुटणार नाही. तो लांब मजकूर ‘आमच्याविषयी’ या एकाच पानावर ने आणि तळपट्टीत एक वाक्य व त्या पानाचा दुवा ठेव. स्वामित्वहक्काच्या लांबलचक सूचनांबाबत गूगल पूर्वी हाच सल्ला देत असे.

त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे प्रत्येक पानाला त्याचा मजकूर देणे. चादरीची लांबी-रुंदी, वजन, सुताचा नंबर, दोन्ही बाजूंनी नक्षी कशी दिसते, पहिल्या धुण्यात ती किती आटते, रंग जातो का, ती थंडीत अंगावर घ्यायची की पलंगावर अंथरायची, असे प्रश्न नव्या पेठेतल्या दुकानात गिऱ्हाईक सहज विचारते आणि दुकानदारही न थकता उत्तरे देतो. तीच उत्तरे पानावर यावीत. प्रत्येक पानाचे शीर्षकही वेगळे हवे. सध्या सगळ्या पानांवर ‘सोलापुरी चादरी व टॉवेलचे उत्पादक’ एवढेच आहे, त्यामुळे शोधाच्या निकालांत कोणते पान कशाचे आहे ते कळायला मार्ग नाही. ही पुनरावृत्ती मात्र खरोखर नडते.

रंगांचे तेवढे पाहा. एकाच चादरीच्या मरून, निळ्या आणि हिरव्या रंगांसाठी पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि रंगाचे नाव लागून वेगवेगळे पत्ते तयार झाले आहेत आणि मजकूर सगळीकडे तोच आहे. यासाठी कॅनॉनिकल टॅग, म्हणजे सारख्या पानांतले मूळ पान कोणते हे शोधयंत्राला सांगणारी पानाच्या कोडमधली खूण आहे. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तो २००९ च्या फेब्रुवारीत एकत्रितपणे स्वीकारला. प्रत्येक रंगाच्या पानावर मूळ चादरीच्या पानाचा पत्ता त्यात दे. शोधयंत्र त्याला आज्ञा मानत नाही, सूचना म्हणून वाचते, तेव्हा गूगलने शेवटी कोणता पत्ता धरला ते सर्च कन्सोल या गूगलच्या संकेतस्थळ-मालकांसाठीच्या साधनात तपासत जा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला असे दोन्ही पत्ते उघडत असतील, तर एक ठरवून दुसरा ३०१ ने, म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याचे सांगणाऱ्या सर्व्हरच्या संकेताने, तिकडे वळव. रंगांची पाने रोबोट्स फाइलमध्ये, म्हणजे कोणती पाने वाचू नयेत हे शोधयंत्राला सांगणाऱ्या फाइलमध्ये, अडवू नकोस. अडवलेले पान वाचताच येत नसल्यामुळे ते मूळ पानाचेच रूप आहे हेही यंत्राला कळत नाही.

पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांच्या नावांची नवी पाने तयार करून मजकूर तोच ठेवण्याचा बेत तू लिहिला आहेस, तो कृपया सोडून दे. नुसते गावाचे नाव बदलून गिऱ्हाइकाला एकाच ठिकाणी आणणारी पाने गूगलच्या स्पॅमविषयक नियमांत बसतात आणि तिथे कारवाईची भीती खरी असते. मोठ्या विक्री-संकेतस्थळांवर दिलेले वर्णनही जसेच्या तसे स्वतःच्या पानावर ठेवू नकोस, नाहीतर शोधात त्यांचे पान वर येईल आणि तुमचे मागे राहील.

येत्या शनिवारी मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत तुमच्या कारखान्यावर जाऊन येतो. प्रत्येक चादरीचे माप, वजन आणि सुताचा नंबर दादांना विचारून लिहून घेईन आणि तुला पाठवीन. तोवर शीर्षके बदलायला आणि तळपट्टी आवरायला लाग.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र