बाबांच्या दुसऱ्या तापाबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

पुढच्या आठवड्यात परजीवीशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा आहे, म्हणून पत्राला उशीर झाला. जे सांगायचं आहे ते फोनवरही सांगता आलं असतं. पण आई, हा विषय निघाला की तू लगेच दुसरंच काहीतरी बोलायला लागतेस. म्हणून लिहिते आहे.

मी शाळेत असताना बाबांना मलेरिया झाला होता. गोळ्या घेतल्या, ताप उतरला, आणि चार-पाच महिन्यांनी पुन्हा तीच हुडहुडी, तोच दिवसाआड चढणारा ताप. एका रात्री मच्छरदाणी नीट खोचली नाही म्हणून हे झालं, असं तू आजवर म्हणत आलीस.

परवा प्रयोगशाळेत व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियाची स्लाइड लावली. तेलाचा थेंब, शंभरची लेन्स. रक्तपेशींचा गुलाबी पसारा हळूहळू सरकवत होते, आणि एक पेशी दिसली. शेजारच्या पेशींपेक्षा फुगलेली, फिकी, अंगभर बारीक गुलाबी ठिपके, आत निळसर कडं आणि कड्यावर टिकलीसारखा लाल बिंदू. हे एवढंसं कडं दर 48 तासांनी वाढून, फुटून नव्या पेशींत शिरतं, आणि फुटतं तेव्हा माणसाला थंडी वाजून ताप भरतो. बाबा, तुम्ही तीन पांघरुणांखाली कापत होतात ते आठवलं. बराच वेळ मला डोळा काढवेना.

पण खरी गोष्ट पुढे आहे. डास चावल्यावर हे जंतू आधी यकृतात जातात. बरेचसे तिथे वाढून रक्तात उतरतात. व्हायवॅक्सचे काही मात्र तिथेच निजून राहतात, कधी आठवडे, कधी महिने. त्यांना हिप्नोझोइट म्हणतात. ग्रीकमध्ये हिप्नोस म्हणजे झोप. ते रक्तात नसतातच, त्यामुळे रक्त तपासून सापडत नाहीत. क्लोरोक्विन रक्तातल्या जंतूंना मारतं, या निजलेल्यांना नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन लागतं, सहसा 14 दिवस, आणि तेही रक्तपेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची तपासणी करून, नाहीतर ते कमी असलेल्यांच्या रक्तपेशी फुटतात. ते घेतलं नाही किंवा अर्धवट सोडलं, तर माणूस ठणठणीत झाल्यावरही जंतू कधीतरी जागे होतात.

म्हणजे आई, दुसऱ्या तापासाठी नवा डास चावायची गरजच नव्हती. चावला नसेलच असं छातीठोक सांगता येत नाही, पण चार-पाच महिन्यांनी उलटलेला ताप म्हटल्यावर पहिला संशय यकृतातल्या जंतूंवरच जातो. हे वाचलं त्या रात्री पुस्तक तसंच उघडं ठेवून मी बसून राहिले होते. इतकी वर्षं तू हे मनात वागवलंस.

बाकी अभ्यास बरा चाललाय. जीवनचक्रं हाताने काढल्याशिवाय डोक्यात राहत नाहीत, म्हणून भिंतभर कागद लावलेत. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू बहुतेक ठिकाणी रात्रीच रक्तात फिरतात, म्हणून तपासणीला रक्त रात्री घ्यावं लागतं. पोटातल्या गोल जंताची एक मादी दिवसाला सुमारे 2 लाख अंडी घालते. आणि बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक तारीख: 20 ऑगस्ट 1897. फ्रेंच डॉक्टर लाव्हरां यांना 1880 मध्ये अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात मलेरियाचा जंतू दिसला होता. त्यानंतर 17 वर्षांनी, सिकंदराबादला, रोनाल्ड रॉस यांना तो डासाच्या जठराच्या भिंतीवर सापडला. माणसापासून डासापर्यंतचा दुवा हाती यायला एवढा काळ गेला.

बाबा, त्या वेळची फाइल असेल तर प्रायमाक्विन लिहून दिलं होतं का, तेवढं बघून ठेवा. आता त्या तापाची काळजी नाही, इतकी वर्षं लोटली आहेत. मला फक्त आईला तो कागद दाखवायचा आहे.

आई, मच्छरदाणीचं ते वाक्य आता पुन्हा बोलू नकोस. परीक्षा संपली की त्याच संध्याकाळी फोन करते.

तुमची,
ताई