दीर्घिकेच्या चित्रातील बाण

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एनजीसी ६९४६ या सर्पिल दीर्घिकेचे चित्र ‘चुंबकीय क्षेत्राचे छायाचित्र’ या ओळीसह प्रसिद्ध झाले. हा विषय मराठी वाचकांपुढे आणल्याबद्दल मनापासून आभार. मात्र चित्रातील रेषांना बाणांची टोके जोडलेली होती आणि ही चूक मला किरकोळ वाटत नाही.

चुंबकीय क्षेत्राचा फोटो निघत नाही. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन त्या क्षेत्राभोवती गिरक्या घेताना रेडिओ लहरी बाहेर टाकतात, आणि या लहरींचे कंपन क्षेत्राच्या काटकोनात, मुख्यतः एकाच प्रतलात होते. म्हणजे त्या ध्रुवीकृत असतात. मी शिक्षक असताना ध्रुवीकरण रंकाळ्याच्या काठावर दाखवीत असे. उन्हे कलल्यावर पाण्यावरची तिरीप पोलरॉइड चष्म्याच्या काचेतून पाहायची आणि काच डोळ्यासमोर हळूहळू फिरवायची. एका स्थितीत तिरीप विझून काठाजवळचे शेवाळ स्वच्छ दिसू लागे, पाव फेरा पुढे नेला की पुन्हा डोळे दिपत. त्या काचेला कंपन आडवे की उभे एवढेच कळते. डावीकडून उजवीकडे की उलट, हा प्रश्नच तिला विचारता येत नाही. रेडिओ दुर्बिणीचेही तसेच आहे, म्हणून या निरीक्षणावरून रेषा काढता येते, बाण काढता येत नाही.

बाणाचे टोक कोणत्या बाजूला हे ठरवण्यासाठी फॅराडे परिवलन मोजावे लागते. वाटेतल्या चुंबकित, आयनीभूत (म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या) वायूतून येताना ध्रुवीकरणाचे प्रतल तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वळते, त्यामुळे निरनिराळ्या तरंगलांबींवरील मापे ताडून क्षेत्र आपल्याकडे येते की आपल्यापासून दूर जाते हे ठरते.

याच दीर्घिकेविषयी १९९६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष लेखात यायला हवा होता. तिच्यातील सुसूत्र चुंबकीय क्षेत्र ताऱ्यांनी उजळलेल्या भुजांमध्ये नव्हे, तर दोन भुजांमधल्या अंधाऱ्या पट्ट्यांत सर्वाधिक ठळक आढळले! अशा दीर्घिकांतील क्षेत्र साधारण १० मायक्रोगॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) असते, म्हणजे कोल्हापुरात होकायंत्राची सुई वळवणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राहून सुमारे ४० हजार पट क्षीण. तरीही त्यातील ऊर्जा तिथल्या खळबळणाऱ्या वायूच्या ऊर्जेच्या तोडीची भरते.

लेखात परदेशी दुर्बिणींचा उल्लेख होता, पण नारायणगावजवळच्या खोडद येथील आपल्या रेडिओ दुर्बिणीचा नव्हता, याची खंत वाटली. तिथल्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी एनजीसी ६९४६ चे सुमारे ९० सेंटिमीटर तरंगलांबीवर निरीक्षण केलेले आहे, आणि इतक्या लांब लहरींत तप्त वायूतून येणाऱ्या रेडिओ लहरींचा वाटा अल्प राहत असल्याने चुंबकीय क्षेत्राचा अंदाज अधिक निर्वेध मिळतो.

पुढील पुरवणीत तेच चित्र बाणांची टोके वगळून आणि ‘छायाचित्र’ऐवजी ‘रेडिओ निरीक्षणांवरून काढलेला नकाशा’ अशा ओळीसह पुन्हा छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, कोल्हापूर